पोकळ नळकांड्याला माल किती? आधी ठरवा, कुठला व्यास धरायचा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये मी १९९६ साली कामाला लागले, ती बिलं आणि चलनं टाइप करायला. आज त्याच शेडमधली सगळी एस्टिमेट्स माझ्या हातून जातात. टाकी, चिमणी, डक्ट, स्लीव्ह, बुश असं काहीही आलं तरी ड्रॉइंग आधी माझ्या टेबलावर येतं आणि मी सांगते तेवढाच माल मागवला जातो. दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमाची दोन-तीन मुलं शिकायला येतात. गणितात हुशार असतात, दहावीचं महत्त्वमापन पाठ असतं, पण पोकळ वृत्तचितीचं ड्रॉइंग हातात दिलं की पहिल्याच पायरीवर अडखळतात. मीही तिथेच अडखळले होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी चूक आधी सांगते. एक शेल, म्हणजे प्लेट गोल वाकवून केलेलं नळकांडं, करायचं होतं. आतला व्यास १२०० मिलिमीटर, प्लेट ६ मिलिमीटर, उंची १५००. मी १२०० ला ३.१४१६ ने गुणलं, ३७७० आलं, आणि तोच आकडा कटिंगला दिला. प्लेट कापली, रोल झाली, वेल्डिंग झालं, ग्राइंडिंगही झालं. ग्राहकाने त्यात बसवायची स्टेनलेसची जाळीची बास्केट टेम्पोतून आणली, तिचा बाहेरचा व्यास ११९६. चेनपुलीने बास्केट उचलून शेलवर आणली, खाली सोडली, आणि ती कडेवरच बसली. फिरवून पाहिली, तिरकी करून पाहिली, इंचभरही आत उतरली नाही. टेप लावला तर शेल आतून ११९४ भरलं.

मालक काही बोलले नाहीत. आमचे सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळी शेड काका म्हणायची, त्यांनी मला गॅस्केटच्या रॅकपाशी बोलावलं. जाड काळ्या रबराची हातभर पट्टी घेतली आणि तिच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या बाजूवर, खडूने बोटभर अंतरावर आडव्या छेदाच्या रेघा मारल्या. मग पट्टी दोन्ही हातांनी गोल वाकवली आणि म्हणाले, "आता बघ." बाहेरच्या अंगाला रेघांमधलं अंतर वाढलं होतं, आतल्या अंगाला रेघा जवळ आल्या होत्या, आणि जाडीच्या बरोबर मध्ये अंतर होतं तेवढंच होतं. "लोखंडाचंही असंच होतं. बाहेरून ताणतं, आतून दबतं. लांबी टिकते ती फक्त मधली." एवढंच बोलून ते कामाला गेले.

ते शेल बास्केटच्या कामाला बाद झालं. शिवण उघडून मध्ये १९ मिलिमीटरची पट्टी भरावी असं एकाने सुचवलं, पण मग दोन वेल्ड एकमेकांना खेटून आले असते आणि ग्राहकाने तसं घेतलं नसतं. नवी प्लेट आणून नवीन शेल केलं.

तर पहिला नियम. प्लेटची लांबी काढताना मधला व्यास धरायचा. आतला व्यास दिला असेल तर त्यात एक जाडी मिळवा, बाहेरचा दिला असेल तर एक जाडी वजा करा. आपल्या शेलला १२०० अधिक ६, म्हणजे १२०६. गुणिले ३.१४१६, उत्तर ३७८८.८. कटिंगला आम्ही ३७८९ देतो.

आतल्या व्यासावर ३७७० येतात, बाहेरच्यावर ३८०७.६. दोन्हीकडे फरक १८.८५ मिलिमीटरचा, आणि ६ गुणिले ३.१४१६ केलं तर हेच १८.८५ मिळतात. चुकीचा व्यास धरला तर लांबीत चूक होते ती बरोबर पाय (π) गुणिले जाडी एवढी, मग नळकांडं बादलीएवढं असो की खोलीएवढं. "मोठी टाकी आहे, थोडं इकडे-तिकडे चालेल" असं म्हणणाऱ्या मुलांना मी हेच दाखवते. व्यास वाढल्याने ही चूक कमीही होत नाही आणि जास्तही होत नाही. ती फक्त जाडीवर ठरते. २० मिलिमीटरच्या प्लेटला ती जवळजवळ ६३ मिलिमीटर होते.

पाय म्हणून काय वापरायचं, हाही प्रश्न दरवेळी येतो. शाळेतला २२/७ घेतला तर १२०६ ला ३७९०.३ येतात, म्हणजे दीड मिलिमीटर जास्त. ३.१४ घेतला तर जवळपास दोन मिलिमीटर कमी. एका शेलला हे खपून जातं, पण एकाने कॅल्क्युलेटरवर ३.१४ आणि दुसऱ्याने २२/७ धरून दोन शेल केली आणि ती एकावर एक जोडायची असली, की परिघात साडेतीन मिलिमीटरचा फरक समोर येतो. म्हणून आमच्या शेडमध्ये ३.१४१६, सगळ्यांनी, नेहमी.

मधला व्यास बिनधास्त चालतो तो व्यास जाडीच्या मानाने बराच मोठा असतो तेव्हा. जाड प्लेट अगदी लहान गोलाईत वाकवायची असेल तर न ताणणारी रेघ बरोबर मध्ये राहत नाही, थोडी आतल्या बाजूला सरकते. तशा कामाला आम्ही त्याच प्लेटची एक पट्टी आधी वाकवून बघतो.

आता वजन. माल किलोवर येतो, म्हणून शेवटी सगळं किलोतच आणावं लागतं. शाळेत शिकवलेलं सूत्र आठवा. बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग वजा आतल्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले उंची. आपल्या शेलला ६०६ चा वर्ग ३६७२३६, ६०० चा वर्ग ३६००००, वजाबाकी ७२३६. आता १२०६ ला ६ ने गुणून बघा. तेही ७२३६. हा योगायोग नाही. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दोन त्रिज्यांची बेरीज म्हणजे मधला व्यास, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे जाडी. शाळेचं सूत्र आणि काकांची रबराची पट्टी एकच गोष्ट सांगतात: पोकळ नळकांडं मधल्या रेघेवर उलगडलं की ते एक साधा आयत होतं, लांबी पाय गुणिले मधला व्यास, रुंदी म्हणजे उंची, आणि जाडी तीच. वजनाच्या बाबतीत हे अंदाजे नाही, तंतोतंत आहे, जाडी कितीही असली तरी. मला हे समजलं तेव्हा घरी येऊन मी वहीत चार वेगवेगळे आकडे घालून पडताळून पाहिलं होतं.

माइल्ड स्टीलची घनता ७.८५ धरतात. त्यातून लक्षात ठेवायची गोष्ट एकच: एक चौरस मीटर प्लेट, एक मिलिमीटर जाडी, वजन ७.८५ किलो. ६ मिलिमीटरची प्लेट म्हणजे चौरस मीटरला ४७.१ किलो. आपलं शेल ३.७८९ गुणिले १.५, म्हणजे ५.६८ चौरस मीटर. वजन २६७.७ किलो.

इथे मुलं मिलिमीटर आणि मीटरची सरमिसळ करतात आणि उत्तर हजारपट चुकतं. मी त्यांना एकच सवय लावते. गुणाकारात शिरण्याआधी प्रत्येक माप मीटरमध्ये लिहून घ्या, फक्त जाडी मिलिमीटरमध्ये ठेवा. मग उत्तर सरळ किलोत येतं. स्टेनलेस ३०४ असेल तर ७.८५ च्या जागी ७.९३ घ्या, अॅल्युमिनियमला २.७, तांब्याला ८.९६.

इथपर्यंत भूमिती झाली. पण बाजारात २६७.७ किलोचं शेल मिळत नाही, प्लेट मिळते. आमचा माल कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून येतो आणि या कामाला सोयीची प्लेट १५०० बाय ६३००. सहा मिलिमीटरमध्ये तिचं वजन ४४५.१ किलो. मालक पैसे भरतात ते ४४५ किलोचे. शेलचे २६८ सोडून उरलेलं कुठे जातं हे कागदावर नसेल तर ते एस्टिमेट अर्धवट आहे असं मी मानते.

म्हणून मी चौकटीच्या कागदावर प्लेट काढते, एक घर म्हणजे १०० मिलिमीटर. डावीकडून ३७८९ शेलचे. याच टाकीला सपाट तळ हवा होता, शेलच्या बाहेर चारी बाजूंनी १२ मिलिमीटर येईल असा, म्हणजे बाहेरून फिलेट वेल्ड मारता येतो. १२१२ अधिक २४, म्हणजे १२३६ व्यासाची चकती. तिच्यासाठी १२५० चा चौरस धरला. प्रत्येक कापात गॅसची ज्योत तीनेक मिलिमीटर खाते, तेही धरलं. उजवीकडे साधारण १२५५ बाय १५०० चा तुकडा अखंड राहिला.

आता हिशोब जुळवा. शेल २६७.७, चकती ५६.५, चकतीच्या चौरसाचे चार कोपरे १७.१, चौरसाच्या शेजारची २५० ची पट्टी १४.७, उजवीकडचा तुकडा ८८.७. बेरीज ४४४.७. उरलेलं चारशे ग्रॅम दोन सरळ कापांत गेलं. बेरीज जुळली की मला खात्री पटते की काही सुटलेलं नाही.

कोपऱ्यांकडे जरा लक्ष द्या. चौरसातून त्यात मावणारं मोठ्यात मोठं वर्तुळ कापलं की साडेएकवीस टक्के माल कोपऱ्यांत जातो, चौरस केवढाही असो. चकत्या जास्त असतील तर त्या एकाखाली एक न मांडता मधमाशीच्या पोळ्यासारख्या एकाआड एक सरकवून मांडा, बराच माल वाचतो. कोपऱ्यांतून आम्ही लिफ्टिंग लगचे (उचलायचे कान) आणि गसेटचे (कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्ट्या) तुकडे काढतो. उजवीकडच्या तुकड्यावर पेंट मार्करने माप, जाडी आणि हीट नंबर (पोलादाच्या त्या घाणीचा कारखान्याने दिलेला क्रमांक) लिहून तो रॅकमध्ये उभा राहतो. हीट नंबर लिहिला नाही तर सहा महिन्यांनी तोच चांगला तुकडा टेस्ट सर्टिफिकेटच्या कामाला वापरता येत नाही आणि भंगारात जातो. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि दरवेळी जीव हळहळतो.

प्लेट मागवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, रोलिंगवाल्याला. तीन रोलच्या मशीनवर प्लेटची दोन्ही टोकं थोडी सपाट राहतात. तो आधी टोकं वाकवून देत असेल तर जादा लांबी लागत नाही. देत नसेल तर दोन्ही बाजूंना माल सोडून नंतर कापावा लागतो. किती सोडायचा हे त्याच्या मशीनवर आणि जाडीवर ठरतं. त्याने शंभर-शंभर सांगितले तर उजवीकडचा १२५५ चा तुकडा १०५५ चा होईल, हे आधीच कळलेलं बरं. दोन, उंची १५०० आणि प्लेटही १५०० असेल तर कडा साफ करायला काहीच शिल्लक राहत नाही. प्लेट उतरली की आधी तिची रुंदी तीन ठिकाणी टेपने मोजा, मगच आखणी करा.

आणि वजनकाट्याची पावती हिशोबाच्या कागदाला लावून ठेवा. मापांवरून ४४५ यायला हवेत. जाडीत थोडा फरक असतोच, म्हणून काटा थोडा वर-खाली दाखवणार. फरक जास्त वाटला तर मी टेम्पो रिकामा व्हायच्या आधी व्हर्निअर घेऊन खाली जाते आणि कडेला चार ठिकाणी जाडी मोजते. एकदा प्लेट उतरून चलनावर सही झाली की बोलायला जागा राहत नाही.

तयार पाइपचं गणित हेच, फक्त लहान करून ठेवलेलं. मधला व्यास गुणिले जाडी, इथे दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.०२४६६, उत्तर मीटरला किलो. तो ०.०२४६६ म्हणजे पाय गुणिले ७.८५, हजाराने भागून. इथली नेहमीची फसगत अशी की "दोन इंची पाइप" म्हटलं की मुलं बाहेरचा व्यास ५०.८ धरतात. दोन इंची म्हणजे पन्नास एनबी (नॉमिनल बोअर, नावापुरतं माप), आणि त्या पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ असतो. बी क्लासमध्ये (मध्यम जाडीचा पाइप) जाडी ३.६ धरली तर ५६.७ गुणिले ३.६ गुणिले ०.०२४६६, म्हणजे मीटरला ५.०३ किलो. सी क्लासला जाडी ४.५, वजन ६.१९. सहा मीटरच्या एका नगामागे सात किलोचा फरक पडतो, म्हणून मागणीत क्लास लिहायचाच.

लेथवर करायच्या बुशची गोष्ट अगदी वेगळी. बुशसुद्धा पोकळ नळकांडंच, पण ते वाकवून होत नाही, भरीव बारमधून पोखरून काढावं लागतं. समजा बाहेरून ८०, आतून ५०, लांबी १००. मधला व्यास ६५, जाडी १५, वजन २.४ किलो. पण माल घ्यायचा तो ८५ चा भरीव राउंड, १०५ लांबीचा. भरीव राउंडचं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला किलो. बांधकामावरचे लोक सळईला हेच सूत्र वापरतात. आपल्या तुकड्याचं येतं ४.७ किलो. जवळजवळ अर्धा माल चिप्स होऊन ट्रेमध्ये पडतो. एक-दोन नग असतील तर तसंच करा. पन्नास नग असतील तर जाड भिंतीच्या सीमलेस पाइपचा भाव आधी मागवा.

आता माझ्या मुरबाडच्या भावाच्या विहिरीबद्दल, कारण भिंत जाड झाली की काय होतं ते तिथे चांगलं दिसतं. त्याला काँक्रीटच्या रिंगा गावातच ओतायच्या होत्या, आतून ९०० मिलिमीटर, जाडी ७५, उंची ३००. त्याने फोनवर विचारलं, "ताई, एका रिंगेला सिमेंट किती?" मधला व्यास ९७५. पाय गुणिले ०.९७५ गुणिले ०.०७५ गुणिले ०.३, म्हणजे ०.०६९ घनमीटर ओलं काँक्रीट. कोरडा माल त्याच्या १.५४ पट धरतात, ०.१०६. एकास दोन, दोनास चार, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी, या मिश्रणाचे सात भाग. एक भाग ०.०१५२ घनमीटर, सिमेंट घनमीटरला १४४० किलो, म्हणजे २२ किलोला थोडं कमी. पन्नास किलोच्या गोणीत दोन रिंगा आणि वाया जायला थोडं. वाळू साधारण एक घनफूट, खडी दोन घनफुटांहून थोडी जास्त. तो आतला व्यास धरून हिशोब करत होता, आणि तसं केलं असतं तर प्रत्येक रिंगेला जवळजवळ आठ टक्के माल कमी पडला असता. सहा मिलिमीटरच्या प्लेटला हीच चूक वजनात अर्धा टक्का दिसते, म्हणून ती लपून राहते.

मधला व्यास सगळीकडे लावायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. टाकीत किती मावेल हे काढताना आतलाच व्यास धरायचा. आपल्या शेलमध्ये काठोकाठ १६९६ लिटर. बाहेरून रंग लावायचा तर बाहेरचा, १२१२ वर ५.७१ चौरस मीटर. आतून रबर लायनिंग असेल तर आतला, ५.६५. माल काढताना मधला. ड्रॉइंग हातात आलं की माझं पहिलं काम म्हणजे व्यासाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने "आत" किंवा "बाहेर" असं लिहिणं. लिहिता येत नसेल, म्हणजे ड्रॉइंगवरून कळत नसेल, तर ग्राहकाला फोन करते.

नमुना म्हणून जुनं नळकांडं आणून दिलं असेल तर व्यास टेपने आडवा मोजू नका. जुनी शेलं क्वचितच पूर्ण गोल असतात. एका जागी १२१५ भरेल, काटकोनात १२०९. मी मास्किंग टेप बाहेरून ताणून गुंडाळते, टोकं एकमेकांवर येऊ देते, दोन्ही थरांतून ब्लेडने एकच काप मारते, मग टेप सोडवून सरळ टेबलावर चिकटवून लांबी मोजते. त्याला ३.१४१६ ने भागलं की खरा बाहेरचा व्यास मिळतो. जाडी कडेला चार ठिकाणी व्हर्निअरने, गंज खरवडून.

हीच मास्किंग टेप नव्या शेललाही लावते. रोल होऊन शिवण टॅक झाली (जागोजागी ठिपक्यांनी जोडली) की पूर्ण वेल्डिंगच्या आधी वेल्डर मला हाक मारतो. खाली, मध्ये आणि वर असे तीन वेढे. बाहेरचा परीघ ३८०७.६ यायला हवा, त्यात शिवणीची फट दोनेक मिलिमीटर, जी वेल्ड थंड होताना बरीचशी आवळली जाते. म्हणून ३८०७ ते ३८१० मध्ये आकडा आला तर मी हो म्हणते. परिघात तीन मिलिमीटर म्हणजे व्यासात जेमतेम एक. तिन्ही आकडे खडूने शेलवरच लिहिते आणि मग वेल्डर होल्डर हातात घेतो. बास्केटच्या त्या दुसऱ्या शेलवर मी हे पहिल्यांदा केलं. खाली ३८०९, मध्ये ३८०८, वर ३८०९. दुपारी बास्केट आत सोडली, तळाला लागल्याचा आवाज आला, आणि काकांनी कडेच्या फटीत दोन मिलिमीटरची पट्टी घालून चारी बाजूंनी फिरवली.